डाग दाखवून सही

माझ्या वहिनीने माझ्या भावाची दारू सोडवली, असं लोक म्हणतात. म्हणू देत. सोडवली हे खरं, पण कशासाठी सोडवली ते कुणी विचारत नाही. तिला त्याच्यावर सूड घ्यायचा होता, आणि पिऊन पडलेल्या माणसावर सूड घेता येत नाही. त्याला लागतच नाही. म्हणून आधी त्याला शुद्धीवर आणणं भाग होतं.

मी तिची नणंद. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो माझा सख्खा थोरला भाऊ. आमची दारं समोरासमोर, त्यामुळे त्या घरातलं भांडं पडलं तरी मला कोणतं पडलं ते कळायचं. बावीस वर्षं मी भावाचीच बाजू घेतली. नणंदेचं कामच ते, असं मला वाटायचं.

वहिनी एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसते. मागे वाफेची इस्त्री फुसफुसत असते, डोक्यावर दांडीला प्लास्टिकमधले कपडे लटकलेले असतात आणि मधे एक पांढरा लांब ओटा. गिऱ्हाईक आलं की वहिनी कपडा त्या ओट्यावर पसरते, आतून-बाहेरून बघते, खिसे उलटे करते. डाग दिसला की गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवते. मग गुलाबी चिठ्ठीवर लिहिते: वस्तू काय, डाग कशाचा, कुठे, किती दिवसांचा. खाली गिऱ्हाइकाची सही. कितीही घाई असो, सही झाल्याशिवाय कपडा आत जात नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका बाईने स्वतः सांडलेली शाई वहिनीच्या माथी मारली होती आणि मालकाने तिला चार लोकांसमोर झापलं होतं. तेव्हा मालक जे म्हणाला ते तिने कायमचं डोक्यात ठेवलं: "सही नसेल तर डाग आपला."

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. हात सोन्याचा, जीभ साखरेची. सातव्या मजल्यावरच्या म्हातारीची पिशवी स्वतः वर नेऊन देणारा, वॉचमनच्या पोराला सायकल शिकवणारा. सगळा गाव त्याला देवमाणूस म्हणायचा. देवमाणूस घरी यायचा तो भिंतीला धरून. रात्री काय काय बोलायचा, काय फेकायचा, ते मी इथे लिहीत नाही, कारण ते लिहिण्याचा हक्क माझा नाही. सकाळी मात्र डोकं धरून बसायचा आणि म्हणायचा, "मला काहीच आठवत नाही गं." या एका वाक्यावर माझ्या भावाने संसार चालवला. ज्याला आठवत नाही त्याच्याशी भांडणार काय आणि त्याला माफ तरी करणार काय? सही नसेल तर डाग आपला. सगळे डाग वहिनीच्या अंगावर राहायचे.

त्यातला एक डाग सगळ्यात मोठा होता.

त्याला एकच मुलगी. लहानपणी त्याच्याबरोबर कामावर जायची आणि प्रत्येक लिफ्टचं बटण मीच दाबणार म्हणून हट्ट करायची, म्हणून तिचं नावच बटण पडलं. आठ वर्षांची असताना एका सुट्टीच्या दिवशी दुपारी तो तिला घेऊन एका ऑफिसच्या इमारतीत गेला. इमारत रिकामी. त्याने लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे थांबवली, मेन स्विच पाडला आणि पोरीला आत बसवून म्हणाला, "बस हां बटण, दोन मिनिटांत आलो." तो गेला गल्लीच्या तोंडावरच्या बारमध्ये. तिथे कुणी ओळखीचं भेटलं आणि दोन मिनिटांचे चार तास झाले. वीजच बंद, त्यामुळे आत ना दिवा ना घंटी. संध्याकाळी इमारतीचा रखवालदार कुलूप लावायला आला तेव्हा त्याला भिंतीआडून टकटक ऐकू आली.

त्याने स्विच चालू करून पोरीला बाहेर काढलं आणि तिने सांगितलेल्या नंबरवर लॉन्ड्रीत फोन केला. वहिनी पळत गेली, वाटेत मला हाक मारली, मी तिच्या मागे. पोरीने फ्रॉक ओला केला होता. दारावर वाजवून वाजवून बोटांची सालं निघाली होती. रडत नव्हती. आईला एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस. ते रडतील." त्या रात्री बाबा घरी आले, पोरीला आपण बरोबर नेलं होतं हेसुद्धा विसरून, आणि विचारतात काय, "बटण जेवली का?"

वहिनीने पोरीचा शब्द पाळला. चकार शब्द काढला नाही. पण डूख धरला, आणि तो असा धरला की मी तशी बाई दुसरी बघितली नाही.

त्या दिवसापासून बटण लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. सहा मजले असोत की नऊ, जिन्याने जाते. आणि माझा भाऊ चार माणसं जमली की तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "नशीब बघा माझं. लिफ्टवाल्याची पोर आणि जन्मभर जिने चढते." लोक खो खो हसायचे. बटणही हसायची. वहिनी तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जायची. मी हसत नव्हते, पण गप्प बसत होते, म्हणजे फार वेगळं काही करत नव्हते.

एकदा त्यांच्या कपाटात कात्री शोधताना मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत बिस्किटं नव्हती. गुलाबी चिठ्ठ्या होत्या, लॉन्ड्रीतल्याच, एकाखाली एक. वस्तू, डाग, कुठे, किती दिवसांचा. सहीची जागा प्रत्येकीवर कोरी. मी एकेक वाचत गेले. एका चिठ्ठीवर 'वस्तू' या शब्दापुढे लिहिलं होतं: नणंद. डाग: साहेबाला फोनवर खोटं सांगितलं, ताप आहे म्हणून. एकोणीस वेळा.

मागे वहिनी उभी होती. ओशाळली वगैरे काही नाही. म्हणाली, "वन्सं, हातात आलीच आहे तर सही करा."

मला राग आला. मी म्हटलं, "मी माझ्या भावाची नोकरी वाचवत होते."

"हो. आणि तो पुढच्या दिवशी प्यायला मोकळा व्हायचा."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि सही केली. खोटं कशाला बोलू, सही करताना मला तिचा खूनच करावासा वाटत होता. तिने शाई वाळू दिली, चिठ्ठी डब्यात ठेवली आणि मला चहा दिला. मग म्हणाली, "मला हा माणूस वर्षभर शुद्धीत हवाय. एक वर्ष. त्यानंतर त्याच्या समोर ही चिठ्ठी ठेवायची आहे," आणि तळातली सगळ्यात जुनी काढून दाखवली. "आठवत नाही म्हणायला त्याला जागाच राहता कामा नये."

मग आम्ही दोघी दारू सोडवणाऱ्यांच्या शोधाला लागलो. दवाखान्याच्या भिंतीवर एका गटाचा नंबर होता. फोन लावला तर पलीकडून सोफे विकणारा बोलला, आणि त्याला हे इतक्या वेळा झालं होतं की आमचं ऐकण्याआधीच त्याने शिवी हासडली. दुसरा पत्ता मिळाला तिथे बंद फाटक आणि साखळीला कुत्रा. तिसऱ्या ठिकाणी एक गुळगुळीत गृहस्थ भेटले, त्यांनी चहात कालवायची पूड पुढे केली. नवऱ्याला कळणारसुद्धा नाही म्हणाले. वहिनी म्हणाली, "त्याला न कळता बरंच काही झालंय. आता कळून व्हायला हवं," आणि पुडी त्यांच्याच कपात रिकामी करून उठली.

शेवटी गट सापडला तो एका कोटाच्या खिशात. एक गिऱ्हाईक होतं, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, बोलायला करवंदाची जाळी. नेहमी एकच काळा कोट घेऊन यायचे. वहिनीने शिरस्त्याप्रमाणे खिसे उलटे केले तर पितळी बिल्ला निघाला. त्यावर नऊचा आकडा आणि खाली 'दारूमुक्त वर्षे'. मास्तरांनी झडप घालून तो मुठीत घेतला. वहिनी इकडे तिकडे बघून हळूच म्हणाली, "कुठे देतात हे?"

"त्याबद्दल बाहेर बोलायचं नसतं," मास्तर म्हणाले.

शुक्रवारी ते कोट न्यायला आले. कोट कडक इस्त्री होऊन दांडीवर टांगलेला, त्यांच्या डोळ्यांसमोर. वहिनी म्हणाली, "कोट तयार आहे. पत्ता मिळाला की कोट मिळेल."

मास्तरांनी बरीच आदळआपट केली. मालकाला बोलावतो म्हणाले. वहिनी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा शर्ट पसरून डाग बघत बसली. मागे रांग वाढली तसे मास्तर मऊ झाले. वाचनालयाच्या मागची खोली, मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सहा, सायकलींच्या बाजूने आत यायचं. "पण बाई," ते म्हणाले, "ओढून आणून उपयोग नाही. त्याला स्वतःला यावंसं वाटलं पाहिजे."

"वाटेल," वहिनी म्हणाली आणि काउंटरशी उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

पुढच्या सोमवारी साहेबाचा फोन माझ्याकडे आला, नेहमीप्रमाणे. भाऊ आत पालथा पडला होता. साहेब म्हणाला, "काय, ताप का?" माझ्या तोंडात 'हो' तयारच होतं. पण चिठ्ठीवरची माझी सही मला दिसली. म्हटलं, "नाही. प्यायलाय. आणि याआधीही प्यायलेलाच असायचा." दुपारपर्यंत कंपनीचा माणूस येऊन लिफ्टच्या खोल्यांच्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन गेला. दारू सोडतोयस असं कुणाकडून तरी लिहून आण, मग किल्ल्या परत. भाऊ मला म्हणाला, "तू माझी बहीण आहेस का वैरीण?" आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

मंगळवारी तो वाचनालयामागच्या खोलीत गेला. पुढे काय झालं ते भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहिला महिना तो घामाने निथळायचा, चिडायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. दोनदा घसरला, दोनदा मोजणी पहिल्यापासून. वहिनी दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या मागे दहा पावलं चालत जायची आणि बाहेरच्या बाकावर विणकाम घेऊन बसायची. लोक म्हणायचे, काय माया आहे बघा. मी मनात म्हणायचे, मांजर बिळापाशी बसतं त्याला माया म्हणत नाहीत.

किल्ल्या परत मिळाल्या. दात घासावेत तसा तो त्या खोलीत जाऊ लागला. आणि हळूहळू तिथेही त्याने माणसं जिंकली. एका शुक्रवारी मी वहिनीबरोबर बाकावर होते. आतून त्याचा आवाज आला, "लिफ्टवाल्याची पोर आणि जन्मभर जिने चढते," आणि मग खोलीभर हसणं. दारू सुटली होती, विनोद सुटला नव्हता. वहिनीच्या सुया थांबल्या. मी म्हटलं, "वहिनी, आत्ता जा आणि सांगून टाका."

"अजून चार महिने," ती म्हणाली आणि टाके मोजू लागली.

तिथला रिवाज असा, की ज्याला वर्ष पूर्ण होतं त्याच्या घरच्या माणसाला पाच मिनिटं बोलायला देतात. मास्तरांनी तिला आधीच समजावलं होतं, "बायका येतात, आभार मानतात, थोडं रडतात. तुम्हीही दोन शब्द चांगले बोला." वहिनी म्हणाली, "नेमकेच बोलेन."

त्या रविवारी सकाळी दहाला सगळे जमले. नेहमीची खोली अपुरी म्हणून त्याच इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा हॉल घेतला होता. तीस-चाळीस खुर्च्या, कागदी कपांत चहा, टेबलावर पितळी बिल्ला. सगळे लिफ्टने वर आले. बटण जिन्याने आली, एकोणीस वर्षांची पोर, दारात धापा टाकत उभी राहिली. आणि माझा भाऊ, इस्त्रीच्या शर्टात, आनंदाने फुललेला, म्हणाला, "या, या. बघा मंडळी, हीच ती. लिफ्टवाल्याची पोर..." पुढचं लोकांनीच पूर्ण केलं, त्यांना पाठ होतं. हॉल हसला. बटणही हसली. मास्तरांनी बिल्ला त्याच्या छातीला लावला, टाळ्या झाल्या, मग ते म्हणाले, "आता घरच्यांपैकी कुणीतरी."

बटणला आदल्या दिवशीच वहिनीने विचारलं होतं. अकरा वर्षांनी पोरीने आईला त्या शब्दातून मोकळं केलं होतं. हे मला नंतर कळलं.

वहिनी उठली. पर्समधून चिठ्ठी काढली. आवाज लॉन्ड्रीतला, ना वर ना खाली.

"वस्तू: मुलगी, वय आठ. डाग: बंद लिफ्टमध्ये अंधारात एकटी ठेवली. कुठे: चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे. किती वेळ: चार तास. कुणी ठेवली: वडिलांनी. वडील कुठे होते: गल्लीतल्या बारमध्ये. किती जुना: अकरा वर्षं. खूण: जिन्याने चढते."

भाऊ अजून अर्धवट हसत होता, हसू चेहऱ्यावरून उतरायचं राहून गेल्यासारखा. मग त्याने बटणकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. तो म्हणाला, "मला काही आठ..." आणि थांबला. वर्षभर त्या खोलीत बसून एवढं तरी तो शिकला होता.

वहिनीने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि पेन पुढे केलं. "सही करा."

मास्तर उठले. "बाई, हे बरोबर नाही. आजच्या दिवशी नाही. माणूस परत घसरेल."

"घसरला तर शुद्धीतून घसरेल," वहिनी म्हणाली. "मला तेवढंच हवं होतं."

त्याने सही केली. बटण त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ते जिन्याचं परत सांगू नका." मग ती जिन्याने खाली गेली. थोड्या वेळाने तोही गेला, जिन्यानेच, तिच्याशी न बोलता, आणि रस्त्यावर पोचून दुसऱ्याच दिशेला वळला.

दुपार झाली तरी घरी नाही. भाऊ कसाही असो, भाऊच. मी तीन बार पालथे घातले, शेवटच्यात तर वेटरने मला बसायला खुर्ची दिली. परत आले तर वहिनी घरात इस्त्री करत होती, त्याचेच शर्ट. मी म्हटलं, "झालं समाधान? प्याला असेल आता." पण मी बघितलं, तोच शर्ट ती तिसऱ्यांदा इस्त्री करत होती.

दिवे लागायच्या सुमाराला तो आला. मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. कपड्यांना ग्रीस लागलं होतं. खुर्चीत बसला आणि वहिनीला म्हणाला, "गल्लीच्या तोंडावर बार असलेली ऑफिसची इमारत एकच, तिथे गेलो होतो. तोच रखवालदार आहे. त्याने सगळं सांगितलं. लिफ्ट मधे थांबवली, स्विच पाडायला लावला आणि आत बसलो. म्हटलं चार तास बसायचं. दोन तासांत दार उघडून बाहेर आलो. बसवेना."

वहिनीने इस्त्री उभी केली. "तिला दार उघडता येत नव्हतं," ती म्हणाली.

तो रडला. वहिनीने रडू दिलं, पाण्याचा पेलाही पुढे केला नाही. मीही केला नाही. आतल्या खोलीत बटण होती, तिच्या खोलीचं दार उघडं होतं, पण ती बाहेर आली नाही. बऱ्याच वेळाने त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "अजून आहेत ना? तो डबा मी बघितलाय. आण. सगळ्यांवर सही करतो. आजच संपवू."

"नाही," वहिनी म्हणाली. "सगळ्या एकदम दिल्या तर एकदाच रडून मोकळे व्हाल. वर्षाला एक मिळेल. तीही वर्ष कोरडं गेलं तर."

"किती आहेत?"

"त्रेसष्ट."

त्याने मनात बेरीज केली. ओठ हलत होते. "अगं, मी एकावन्न वर्षांचा आहे. शेवटची सही करायला मला एकशे चौदा वर्षं जगावं लागेल."

वहिनीने सही झालेली चिठ्ठी डब्यात खाली ठेवली, वर झाकण घट्ट बसवलं आणि डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं.

"मग तब्येत सांभाळा," ती म्हणाली.